परदेशी माल बंद आणि डोडोंगचा राजीनामा

डोडोंगच्या राजीनाम्यावर मी सही करून टाकली होती. फक्त ऑफिसात पाठवायचा बाकी होता.

डोडोंग आमच्या दुबईतल्या अल कुसैसच्या फर्निचर वर्कशॉपमधला फिलिपिनो स्प्रे-पॉलिशवाला. त्याने लॅकर मारलेल्या फळीत तोंड बघून दाढी करावी, असा हात. मी फोरमन. शाळा चौथीपर्यंत, पण माझ्या सहीशिवाय माझ्या माणसाचा कागद पुढे सरकत नसे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. फिलिपिन्समध्ये राष्ट्राध्यक्षाची निवडणूक लागली होती. एक उमेदवार गरिबांचा कैवारी म्हणून गाजत होता. परदेशी माल बंद करणार, गावोगाव कारखाने काढणार, कुणाला परमुलखात राबायला लागणार नाही. डोडोंगने ते मनावर घेतलं. गावी जाऊन कारखान्यासाठी आधीच नंबर लावतो म्हणाला.

इथे राजीनामा म्हणजे व्हिसा कॅन्सल आणि वर सहा महिन्यांचा बॅन. तेवढे दिवस दुबईत परत काम नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांदेखत म्हणालो, "बराबर बोलता है तेरा आदमी. आपल्या देशाचा माल, आपल्या माणसाला काम. यात चूक काय?"

लीना डबा ठेवून उठली. ती आमची ड्राफ्ट्समन, म्हणजे फर्निचरचं ड्रॉइंग काढणारी. डोडोंगच्याच मुलखातली, वयाने माझ्या मुलीएवढी.

"उस्ताद, हे कपाट उघडा."

"कशाला?"

"उघडा तर."

उघडलं. ती बोट ठेवत गेली. "बिजागरी जर्मनीची. प्लायवूड इंडोनेशियाचं. लॅकर इटलीचा. हे सगळं बंद. मग डोडोंग फवारणार काय, खोबरेल?"

सगळे हसले. डोडोंग हसला नाही. मला राग आला.

"आमच्या देशात पण बंद होतं," मी म्हणालो. "ड्रॉवर सरकवायचे चॅनेल मिळत नव्हते. आम्ही मेण घासायचो. ड्रॉवर चालायचा. हाताला काम होतं."

"पुरेसं होतं?"

"होतं म्हणजे? होतंच!"

"मग उस्ताद, तुम्ही इथे कशाला आलात?"

मी कपाटाचं दार लावून टाकलं.

पोरगी जिंकली होती, पण तिने ताणलं नाही. उलट आवाज खाली आणून डोडोंगला त्यांच्या भाषेत दादा म्हणत म्हणाली, "कुया, माणूस मलाही आवडतो. आमच्या गल्लीत चिखल तुडवत आला तो एकटाच. माझ्या घरची सगळी मतं त्यालाच. पण बंदी एका सहीत येते, कारखाना उभा राहायला वर्षं लागतात. मधे तुझी पोरं खाणार काय?"

इंजिनियर, मॅनेजर पुष्कळ पाहिले. इतकं सरळ बोलणारं दुसरं कुणी पाहिलं नाही.

आता माझी सही. केलेली सही मी फाडत नाही. लीनाकडून दोन महिन्यांच्या रजेचा अर्ज टाइप करून घेतला, त्यावरही सही ठोकली आणि दोन्ही कागद डोडोंगसमोर धरले.

"बोल, कुठला पाठवू?"

त्याने दोन्ही कागद वाचले. मग रजेच्या कागदावर बोट ठेवलं.

"खलास," मी म्हणालो.

उमेदवार पडला. त्यामुळे कारखाने निघाले असते की नाही ते कुणालाच कळलं नाही. मी अजून म्हणतो, निघाले असते. डोडोंग रजा संपवून परत आला आणि दुसऱ्या दिवशी स्प्रे-गन हातात घेतली.

पुढाऱ्यावर मन बसलं तर त्याला मत द्यावं. व्हिसा देऊ नये.