पहिलं पान तेवढं राहिलं

मंडळी, आज दुपारी एक काम मी घाईने उरकलं. ते सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

माझा धाकटा भाऊ परदेशी नोकरीला होता, तेव्हा लेकीसाठी चित्रांच्या गोष्टी काढून आमच्या गावी, अल्लीपूरला, फॅक्स करायचा. भाऊ आता नाही. फॅक्सच्या कागदांवरचं सगळं उडून ते कधीच पांढरे पडले, पण त्याआधी स्कॅन केलेल्या टिफ फाइल पेन ड्राइव्हवर होत्या. माझ्या भावजयीला, शोभाला, त्या मोबाइलवर बघायच्या होत्या. मोबाइल त्या उघडेना.

मी लॅपटॉपवर त्या सगळ्या फाइलच्या जेपीजी, म्हणजे साध्या फोटोसारख्या फाइल, केल्या, तिला पाठवल्या आणि लगेच पेन ड्राइव्हवरच्या जुन्या फाइल पुसायला घेतल्या.

"ताई, राहू द्या ना. काऊन मिटवून राह्यल्या?"

"एकच वस्तू दोन ठिकाणी कायले पाह्यजे? पसारा नुसता!" मी दटावलं. एकही फाइल उघडून न पाहता सगळ्या पुसून टाकल्या.

फॅक्सच्या एका टिफ फाइलमध्ये अनेक पानं असतात आणि जेपीजीत एकच येतं, हे मला ठाऊक नव्हतं. प्रत्येक फॅक्सचं फक्त पहिलं पान उतरलं. त्यावर पाठवणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव आणि मागे किती पानं येताहेत तो आकडा. चित्रं सगळी पुढच्या पानांवर होती.

शोभा मोबाइलवर बोट फिरवत राहिली. "ताई, यात तं त्यायचं नुसतं नाव आहे. पुढचं पान दाखवा ना."

पेन ड्राइव्हवर आता नवीन काही पडू नये म्हणून तो बाजूला काढून ठेवला आहे. पुसलेल्या फाइल परत आणून देणारं वर्ध्यात कोणी खात्रीचं माहीत आहे का? आणि तोवर मी तिला काय सांगू?