एकाच मोज्यातलं जस्त

माझा थोरला भाऊ, अण्णा, भालकी–उदगीर बसवर ड्रायव्हर आहे, आणि त्याच्या मोज्यांबद्दल आमच्या घरात कुणी चांगलं बोलत नाही. पीएच.डी.साठी विषय शोधत होते तेव्हा मला नेमके तेच आठवले. वास नुसत्या घामाचा नसतो, घामावर पोसलेल्या जिवाणूंमुळे येतो. कापडाच्या धाग्यांवर झिंक ऑक्साईडचे, म्हणजे जस्ताचे नॅनोकण, पिठाहून कितीतरी बारीक, नीट चिकटवले तर जिवाणूंना तिथं वाढता येत नाही. चांदीचे कणही हे काम करतात, पण पांढरं कापड पिवळट पाडतात. म्हणून मी जस्तच धरून बसले.

कलबुर्गीच्या प्रयोगशाळेत सगळं छान चाललं होतं. काचेच्या ताटलीत जिवाणू वाढवायचे, त्यात माझ्या कापडाचा तुकडा ठेवायचा आणि त्याच्याभोवती जिवाणू नसलेलं स्वच्छ कडं दिसलं की खूश व्हायचं. माझे गाईड मात्र खूश होत नसत.

‘‘ह्या कापडानं धुण्याचा दगड कुठं बघितलाय अजून?’’ ते म्हणत. ‘‘माणसाच्या पायात घाला, घरच्यासारखं धुवा, मग दाखवा. नाहीतर हे प्रकरण प्रबंधातून काढू.’’

ते काढलं असतं तर प्रबंधात उरलं काय असतं? प्रस्तावना आणि आभार.

मग मी पांढऱ्या सुती मोज्यांचा एक जोड घेतला आणि त्यातल्या एकाच मोज्यावर कण चढवले. दिसायला दोन्ही अगदी सारखे. ओळख म्हणून कण चढवलेल्या मोज्याच्या काठाला आतून काळा दोरा घातला आणि त्याबद्दल कुणालाच काही सांगितलं नाही. ‘‘मी काय उंदीर हाय काय गं?’’ असं विचारून अण्णानं संमतीच्या कागदावर सही केली. आठवडाभर त्यानं तेच मोजे घालायचे, वैनीनं रोज धुवायचे आणि शेवटच्या दिवशी न धुता माझ्या हातात द्यायचे, असं ठरलं.

रविवारी मी भालकीला गेले. अण्णा ड्युटीवरून आला, ओट्यावर बसला आणि मोजे काढून माझ्यापुढं टाकले. मी एकाचा काठ उलटून बघितला. दोरा नाही. दुसऱ्याचा बघितला. त्यातही नाही.

‘‘वैनी, ह्यातला दोरा कुठाय?’’

‘‘ते काळं व्हय? पैल्याच दिशी उसवून टाकलं,’’ वैनी शांतपणे म्हणाली. ‘‘आपण लिंगायत मानसं, अक्का. दिष्ट लागू नये म्हणून पायात दोरे बांधायचं आपल्या घरात चालत न्हाई. तुमी एवढं शिकून असलं कामून करायलाव?’’

मी अशी भडकले की शेजारीण दारात येऊन उभी राहिली. आता ताटलीत जो मोजा चांगला निघेल तोच माझा, असं म्हटलं तर सर ऐकून घेणार होते का? माझी सगळी मेहनत तिनं सुईच्या टोकानं उसवली होती. मला रडूच फुटलं.

वैनीही चिडली. तिनं एका काडीनं दोन्ही मोजे उचलले. ‘‘येवढ्यासाठी रडायलाव व्हय? ह्यो घाण मारायलाय, ह्यो न्हाई. घ्या!’’

माझं रडणं जागच्या जागी थांबलं. तिला डोळे मिटायला लावून मी मोजे अदलून बदलून तिच्या नाकापुढं धरले. ती तोंडानं मला बोल लावत होती आणि दर वेळी नाक मात्र त्याच मोज्याला मुरडत होती.

‘‘दोन्ही पाय माझेच हायत की!’’ अण्णा म्हणाला. त्याला जरा वाईट वाटलं असावं.

मी दोन वेगळ्या पिशव्या करून कलबुर्गीला नेल्या. एकीवर ‘वैनीला पसंत’ आणि दुसरीवर ‘नापसंत’ असं लिहिलं होतं. सरांना सगळं सांगितलं तेव्हा ओरडा खाण्याची माझी तयारी होती.

ते म्हणाले, ‘‘दोरा गेला तर गेला. जस्त आहे का ते बघा.’’

दोन्ही मोज्यांचे तुकडे ताटल्यांत ठेवले आणि दोन्हींचे तुकडे जस्ताच्या तपासणीलाही दिले. नापसंत तुकड्याला जिवाणू अगदी चिकटून वाढले होते. पसंत तुकड्याभोवती स्वच्छ, गोल कडं होतं. आणि जस्त सापडलं ते त्याच मोज्यात, इतक्या दगडावरच्या धुण्यानंतरही.

सरांनी अहवाल पुन्हा वाचला. ‘‘घालणाऱ्याला माहीत नव्हतं, वास घेणारीला माहीत नव्हतं आणि शेवटी तुम्हालाही नव्हतं,’’ ते म्हणाले. ‘‘याहून चोख चाचणी तुम्ही मुद्दाम करायला गेला असता तरी जमली नसती. प्रकरण राहू द्या.’’

मी व्हरांड्यात जाऊन अक्षरशः उड्या मारल्या. मग घरी फोन लावला.

‘‘मग? औषध कुठल्या मोज्याला व्हतं?’’ वैनीनं विचारलं.

‘‘तू चांगला म्हणालीस ना, त्यालाच.’’

फोन हातात तसाच धरून ती अंगणाकडं तोंड करून ओरडली, ‘‘आवो, ऐकलं का? आपली अक्का पास झाली!’’

प्रबंधाची परीक्षा अजून व्हायची होती, पण मी तिला दुरुस्त केलं नाही.