पाणथळीत सोडलेला ऑस्कर

संजीवनी देवस्थळी यांनी सिंगापूरमधल्या नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये बावीस वर्षं रक्त तपासलं. निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून बुकित बातोकच्या आपल्या ब्लॉकमागच्या पाणथळीतले मासे मोजणाऱ्या स्वयंसेवकांत त्यांनी नाव दिलं.

पहिल्याच दिवशी गटप्रमुख नूरुलने बाहेरून आलेल्या शिकारी माशांचे फोटो दाखवले. लोक घरचे मासे आणून सोडतात आणि ते इथले बोटभर मासे, त्यांची अंडी, पिल्लं फस्त करतात, असं ती सांगत होती. तिसऱ्या फोटोतला मासा संजीवनीबाईंनी लगेच ओळखला. काळ्या अंगावर नारिंगी डाग. ऑस्कर.

नऊ वर्षांपूर्वी तोआ पायोहहून इकडे राहायला येताना घरी पाळलेल्या ऑस्करची मोठी टाकी नव्या फ्लॅटमध्ये मावत नव्हती. त्यांनी मासा बादलीत घालून टॅक्सीने आणला आणि याच पाण्यात सोडला. सुटला बिचारा, असं तेव्हा वाटलं होतं. बारा वर्षांच्या लेकीला, गार्गीला मात्र, दुकानदाराला परत दिला, असं सांगितलं.

 महिनाभर जाळं वर आलं की त्या आधी नारिंगी डाग शोधायच्या. शेवटी एका शनिवारी, गुडघाभर चिखलात उभ्या असताना, त्यांनी नूरुलला सगळं सांगून टाकलं. गटातून नाव कमी होणार हे धरूनच चालल्या होत्या.

नूरुलने शांतपणे विचारलं, "किती सोडले होते?"

"एकच."

"चूकच झाली. पण एकट्या माशाची पिल्लं होत नाहीत. आणि सहा वर्षांत आम्हाला इथे एकही ऑस्कर मिळालेला नाही. बाहेरून आलेले दुसरे शिकारी मासे, पीकॉक बास, मात्र खूप आहेत. ते काढायला तुम्ही लागणार आहात."

संजीवनीबाई काठावर टेकल्या. कितीतरी दिवसांनी छाती भरून श्वास घेता आला. त्या दिवशी चार पीकॉक बास निघाले. वरच्या अरुंद ओढ्यात मात्र इथल्याच लालसर शेपटीच्या माशांचा थवा जाळ्यात आला. तो मोजून त्यांनी अलगद परत सोडला.

संध्याकाळी त्यांनी गार्गीलाही खरं सांगितलं. गार्गी आता कॉलेजात आहे.

"मला माहीत होतं लाह, आई," ती नेहमीच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली. "त्याच आठवड्यात मी दुकानात विचारून आले होते."

मग पुढच्या शनिवारी मी येऊ का, असं विचारून तिने दाराशी ठेवलेले आईचे रबरी बूट पायात घालून पाहिले. जरा सैल होते, पण चालण्यासारखे होते.