माफी एकाच घराला

नव्या घरात ललितानं एकटीनंच दूध उतू घातलं. वास्तुशांतीला जोडपं बसावं लागतं, आणि तिचा नवरा धनराज तर ताबा मिळायच्या तीन महिने आधीच हृदयविकारानं गेला. तोफखान्यातून निवृत्त झालेला हवालदार. नाशिक रोडच्या या फ्लॅटचे नुसते खांब उभे होते तेव्हापासून दर रविवारी बघायला जायचा.

"माजी सैनिकाला घरपट्टी माफ असते गं," म्हणायचा. "पैशाचं सोड. पण पालिकेच्या कागदावर सैनिकाचं घर म्हणून लागेल ना!"

तेवढ्यासाठीच ललिताला ती माफी हवी होती. त्याचं डिस्चार्ज बुक, मृत्यूचा दाखला, स्वतःचं विधवेचं ओळखपत्र, सगळं तिनं आधी देवापुढं ठेवलं, मग अर्जाला जोडून पालिकेत नेलं.

खिडकीतल्या मोहिनी मॅडमनी कागद चाळले. "बाकी सगळं आहे, ताई. पण माफी एकाच घराला मिळते. गावी घर आहे?"

"नामपूरला. ह्यांच्याच नावावर. सासूबाई राहतात तिथं."

"मग ग्रामपंचायतीकडून आणा लिहून, तिथं माफी घेतलेली नाही म्हणून."

नामपूरला ग्रामसेवकानं रजिस्टर उघडलं. माफी चालू होती. निवृत्त झाल्या झाल्या धनराजनंच अर्ज दिला होता. गावचं वेगळं, शहरातलं वेगळं, असंच धरून चालला असणार बिचारा.

"इथली बंद करायचा अर्ज द्या, वहिनी. मग तिकडं मिळेल."

सासूबाई, नवसाबाई, ओट्यावर शेंगा फोडत होत्या. ऐकून म्हणाल्या, "दे करून बंद. मला म्हातारीला काय करायची माफी? तुला ऱ्हायचं शे तिकडं."

चहा झाला. मग त्या आपणहून बोलायला लागल्या.

"घरपट्टीवाला येतो ना गल्लीत, समद्यांची कडी वाजवतो. आपल्या दाराशी आला का नुसता थांबतो. बरोबरच्याला सांगतो, 'हे धनराज फौजीचं घर, चल पुढं.' मी आतून ऐकत बसते. आता दुसरं कोण घेतं गं त्याचं नाव? माझ्यासमोर तर कुणी काढतच नाय. रडल म्हणत्यात."

ग्रामसेवकानं दिलेला कोरा अर्ज ललितानं पिशवीतून बाहेर काढलाच नाही.

सोमवारी ती पुन्हा खिडकीशी उभी राहिली. "मॅडम, माझा अर्ज परत द्या."

"अहो, एवढं जुळत आलं होतं! सासूबाई नाही म्हणाल्या का?"

"नाही. त्या हो म्हणाल्या."

मोहिनी मॅडमनी कागद परत दिले.

घरी येऊन ललितानं भरलेल्या घरपट्टीची पावती कपाटात टाकली. दिवा लावला. धनराजच्या फोटोसमोर बसली.

"तुमचं घर तिकडंच राहू दिलं," ती म्हणाली. "इथं मी नुसती राहते."