वळणावरचा नमस्कार

मे महिन्यातला दुसरा रविवार, सकाळी सात. हजर: मुलगी, अठरा पूर्ण, शिकाऊ परवान्यासह, चालकाच्या जागी. सासरे, वय अठ्ठ्याहत्तर, शेजारी, मार्गदर्शक म्हणून. मी मागे, वहीसह. गैरहजर: नवरा, नोकरीनिमित्त मुंबईत. तो तिथून फोनवर काळजी करतो. तेवढं काम त्याला छान जमतं.

हा सगळा खटाटोप एका डोळ्यासाठी होता. सासऱ्यांच्या डाव्या डोळ्याने जवळजवळ राजीनामा दिला होता. परवान्याची मुदत मात्र शिल्लक होती, आणि आमच्या घरात सरकारी कागद डोळ्यापेक्षा खरा. महिन्याभरापूर्वी त्यांनी आळीतल्या एका उभ्या रिक्षाला गाडी घासली आणि वर रिक्षावाल्यालाच दटावलं, "मध्येच कशाला उभी करतोस रे?" रिक्षा त्याच्या स्वतःच्या अंगणात होती.

त्या संध्याकाळी मुलगी म्हणाली, "आई, मी परवाना काढते. मग किल्ली माझ्याकडे. आजोबांना हवं तिथे मी नेईन. पण किल्ली तू मागायचीस." मी वहीत दोन कामं लिहिली. एक, मुलीचा परवाना. दोन, सासऱ्यांकडून किल्ली घेणे.

मला स्वतःला गाडी येत नाही, त्यामुळे नियम सगळे पाठ आहेत. चौदा मुद्द्यांची यादी करून मी गाडीत समोरच चिकटवली: पट्टा, आरसे, हॅण्डब्रेक, पुढच्या गाडीपासून अंतर, मोबाइल पिशवीत. सासऱ्यांनी ती वाचली. म्हणजे उजव्या डोळ्याने वाचली.

"चाळीस वर्षं गाडी चालवतोय. यादी कधी लागली नाही गो."

रिक्षाचं नाव मी काढलं नाही. सुनेने काय काय काढू नये, याचीही माझ्याकडे यादी आहे.

तीन आठवडे गावाच्या वरच्या सड्यावर, म्हणजे सपाट मोकळ्या कातळावर सराव झाला. तिथे रहदारी म्हणजे चार गुरं, आणि तीही आपापल्या बाजूने चालणारी. मग त्या रविवारी पहिल्यांदा गाडी डांबरी रस्त्यावर घेतली. सडा उतरताना वळणावर देवाची घुमटी आहे. तिच्यासमोरून नमस्कार न करता पुढे गेलेलं माणूस मी पाहिलेलं नाही. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, अगदी सावकाश. घुमटी आली. धप्प असा आवाज झाला.

गाडी डावीकडच्या गडग्याला जाऊन टेकली होती. कुंपणाचे रचलेले दगड खाली, आमचा एक दिवा फुटलेला, माणसं धड.

"झालं काय?" मी विचारलं.

"मला काय माहीत? मी हात जोडले होते."

"दोन्ही?"

"एका हाताने कोणी जोडतं का?"

"बरोबर आहे तिचं," सासरे म्हणाले.

"तुम्ही तरी बघत होतात ना?"

"देवासमोर डोळे मिटायचे की रस्ता बघायचा?"

पुढची चौकशी मी थांबवली, कारण माझं पेन पायाशी पडलं होतं आणि माझे हात अजून जोडलेलेच होते. गाडीत तीन माणसं, सहा डोळे, पैकी पाच चालू, आणि रस्त्याकडे एकही नाही.

"देव पाठीशी होता म्हणून वाचलो," सासरे म्हणाले.

"आजोबा, देव बाजूला होता. समोर गडगा होता."

"स्टिअरिंग सोडायला तुला शिकवलं कोणी?" मी मुलीला विचारलं.

"शिकवायला कशाला हवं? जन्मापासून मागच्या सीटवरून बघतेय. आजोबा सोडतात, बाबा सोडतात. तू कधी कोणाला बोललीस?"

माझ्या चौदा मुद्द्यांत हा मुद्दा नव्हता.

गडग्याचे मालक चहाचा कप घेऊन बाहेर आले. "नमस्कार करत होतात?" त्यांनीच विचारलं. "होतं तसं. म्हणून तर मी सिमेंट लावीत नाही. परत रचायला बरं पडतं." दगड आम्ही तिघांनी रचले. सासऱ्यांनी रचलेला भाग नंतर मालकांनी गुपचूप सरळ केला.

पुढच्या रविवारी त्याच वळणावर मुलीने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, नजर रस्त्यावर ठेवली आणि मोठ्याने म्हणाली, "देवा, हात गुंतलेत." सासऱ्यांनी तिच्या वाटचाही नमस्कार करून घेतला. मी पंधरावा मुद्दा लिहिला.

पावसाळ्यात ती परीक्षा पास झाली. सासऱ्यांनी स्वतः पेढे आणले, अर्थात गाडीने. नातीला जवळ घेतलं, परवाना उलटसुलट करून बघितला आणि किल्ली देव्हाऱ्यात ठेवली. "आता ती देवापाशीच असू दे," म्हणाले. मला वाटलं, सुटले. दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर प्रसादासारखी त्यांनीच उचलली.

काल ते मासळी आणायला गेले, एकटेच, त्याच वळणावरून. परत येईपर्यंत मुलगी परवाना हातात घेऊन पायरीवर उभी होती. "आई, तू बोलणार होतीस," ती म्हणाली. मी सुरमई साफ करायला घेतली.

वहीत पहिल्या कामावर बरोबरची खूण आहे. दुसरं आज तिसऱ्यांदा नव्या पानावर उतरवलं: सासऱ्यांकडून किल्ली घेणे.