फोटोचा कापलेला कोपरा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — कुणास ठाऊक. पोटात मावेना आता, एवढंच.

गोंदियात माझा फोटो स्टुडिओ आहे. भिंतीवर एक मोठा फोटो आहे — गोफणीतून सुटलेला दगड, हवेतच थांबलेला, कडा न् कडा स्वच्छ. लोक वाहवा करतात. मी मान खाली घालतो, त्यांना तो विनय वाटतो. कसला डोंबलाचा विनय!

गोफण बिसनची. दवनीवाड्याचा, शाळेपासूनचा माझा मित्र. धान पिकला होता, तो शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभा राहून पाखरं हाकत होता. नेहमी बोडीच्या दिशेनेच फेकायचा. तिकडे नुसतं पाणी. पण उडता दगड टिपायचा तर भरपूर उजेड लागतो, आणि बोडीकडे सूर्य समोर येत होता — दगडाचा निव्वळ काळा ठिपका. म्हणून मीच त्याला खांदे धरून पायवाटेकडे फिरवलं.

गोफण गरगरत होती, त्याचं सगळं लक्ष तिच्यावर. "वाटेवर कोनी नाही ना गा?" त्याने विचारलं.

माझा डोळा कॅमेऱ्याला होता. आणि — आता सांगतोच — मला ती दिसली होती. फुलवंता, त्याची बायको. निळं लुगडं, डोक्यावर शिदोरी. लांब आहे, वाटलं. सूर्य ढगाआड जाईल, वाटलं.

"कोणी नाही. सोड," मी म्हणालो.

तिचा डावा डोळा गेला. बिसन ओरडत धावला. आणि मी? मी आधी स्क्रीन पाहिली. फोटो आला होता.

गावाने त्यालाच झापलं, "न पाहता काऊन सोडलास गा?" माझं सांगणं ऐकून सोडला, असं तो बोललाच नाही. एवढंच म्हणाला, "त्यालेही दिसली नाही." मी शेजारीच उभा होतो. हो म्हणालो. त्यानंतर त्याने गोफण हातात धरलेली नाही.

गेल्या महिन्यात दोघं स्टुडिओत आली होती. फुलवंता त्या फोटोपुढे मान वळवून, उजव्या डोळ्याने बघत राहिली. "दगड बेस आला, भाऊजी," म्हणाली. मी चहा सांगायला बाहेर पळालो.

फ्रेममध्ये बसवताना फोटोचा एक कोपरा मी कापला होता. तो तुकडा ड्रॉवरमध्ये आहे. त्यात निळं लुगडं आहे, डोक्यावर शिदोरी, आणि दोन्ही डोळ्यांची फुलवंता.