गुरुवारचा सिनेमा आणि पाचर

आमच्या चाकणच्या पट्ट्यात कंपन्यांना सुट्टी गुरुवारी. मुलीची शाळा मात्र रविवार पाळते, त्यामुळे गुरुवारी दुपारी मोशीच्या फ्लॅटमध्ये मी आणि नवरा, दोघंच. पडदे ओढायचे आणि भुताचा नाहीतर अंतराळाचा सिनेमा लावायचा, हा आमचा नेम. लोक गुरुवारी उपास करतात, आम्ही भुतं बघतो.

मला एका जागी बसवत नाही. सिनेमा चालू असताना मी कपड्यांच्या घड्या घालते, उठून गॅस बघते, परत बसते. भुताच्या सिनेमांवर तर माझा रागच आहे. दिवे गेलेत, तळघरातून आवाज येतोय, आणि ही बाई मेणबत्ती घेऊन एकटी खाली निघाली! अगं, शेजारणीला हाक मार की. आमच्याकडे भूत आलंच तर लिफ्ट बंद बघून खालूनच परत जाईल. शिवाय बिल्डिंग कालपरवाची, इथं अजून कोणी मेलंसुद्धा नाही, मग भूत आणायचं कुठून?

अंतराळाचे सिनेमे त्यातल्या त्यात बरे, पण पटत नाहीत. एवढं मोठं यान, आणि कुणाच्या कपड्यावर तेलाचा एक डाग नाही. नवऱ्याचा युनिफॉर्म एकदा धुऊन बघा म्हणावं. परग्रहावरचा राक्षस डबिंगमध्ये शुद्ध हिंदी बोलायला लागला की नवरा लोळून हसतो.

दिवाळीच्या आधी असाच एक यानाचा सिनेमा लागला होता. दार उघडायला दोन बटणं, दोन्ही हातांनी एकदम दाबायची. नायकाचा एक हात जखमी. त्यानं एका बटणात लोखंडाचा तुकडा ठोकून बसवला, दुसरं हातानं दाबलं, दार उघडलं. नवरा एकदम खूश झाला.

"बघ, आमी पण असंच करतो!"

"असंच म्हणजे?"

तो चाकणला प्रेसवर आहे. पत्रा दाबून त्याला आकार देणारं ते अवजड मशीन. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच प्रेस खाली येतो, म्हणजे त्या वेळी दोन्ही हात बाहेरच असतात. लग्न ठरताना हे त्यानंच मला समजावलं होतं, आणि तेवढ्यावर मी निर्धास्त होते.

"एका बटणात पाचर मारायची. मग एक हात मोकळा राहतो, पत्रा सरकवायला. टारगेट निघतं."

"आणि तो मोकळा हात असतो कुठं?"

"अगं, सगळेच करतात. काय होतंय त्याला!"

मी टीव्ही बंद केला.

"उद्या पाचर काढा, नाहीतर मी गेटवर येऊन बसते."

"लोक हसतील मला."

"हसू द्या."

मग तोही चिडला. पाचर काढली की माल कमी निघणार, आणि माल कमी निघाला तर नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट कोण वाढवणार? पाचर काढली का, एवढंच मी दोन दिवस विचारत राहिले. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "काढली बाई, झालं?" मी मुलीची शपथ घातली, त्यानं ती घेतलीही. पण शपथ मशीनला थोडीच कळते?

तेव्हापासून तो घरी आला की मी तोंडाकडे बघायच्या आधी हातांकडे बघते. त्याच्या ते लक्षात आलं. तो दारातच पंजे पसरून बोटं हलवून दाखवायचा आणि हसायचा. मला हसू यायचं नाही.

परवा त्यानं गंमत म्हणून एक हात खिशातच ठेवला. मी किंचाळले. शेजारची दारं उघडली. त्यानं घाईघाईनं हात बाहेर काढला, पाची बोटं जागेवर होती. मी तो हात छातीशी धरून दारातच रडत बसले. तो "अगं, गंमत केली" म्हणत राहिला. त्या दिवशी जेवलाही नाही नीट.

काल सकाळी डबा घेताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "आज खरंच काढतो पाचर."